सुट्टीसाठी चार्टर विमान की नेहमीचं विमान? विदर्भातल्या गावातून निघणाऱ्यांसाठी हिशेबासकट मार्गदर्शन

चार्टर विमानाची, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घेण्याची, चौकशी बहुतेक लोक उलट्या टोकाकडून करतात. आधी विमानाचे फोटो, मग आतल्या खुर्च्या, मग दर आणि सगळ्यात शेवटी, "पण ते उतरणार कुठं?" मुंबई-दिल्लीकडच्या माणसाला हा क्रम चालून जातो. दारव्हा, वरुड, आर्वी, अहेरी किंवा मेहकरहून निघणाऱ्या कुटुंबाला तो चालत नाही. इथं आधी धावपट्टी, मग विमान, मग पैसे.

चौकशी करणारे वाढलेत, हे मात्र खरं. संत्र्याचा मृग बहार साधला, जिनिंगला वर्ष बरं गेलं, मुलगी परदेशातून महिनाभरासाठी आली, आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, असं काही असलं की घरातला कुणीतरी म्हणतो, "आता एकदा करूनच टाकू न भाऊ." करू नका असं मी सांगत नाही. करायचं तर डोळे उघडे ठेवून करा, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गोवा, मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा ठिकाणी जायचं असेल आणि नागपूरहून थेट विमान मिळत असेल, तर चार्टरचा विचार सोडून द्या. चार्टरला अर्थ येतो तो तीन गोष्टी एकत्र आल्यावर: विमानाच्या सगळ्या खुर्च्या भरतील एवढी माणसं आहेत, जायचं ठिकाण आडवळणाचं आहे किंवा एकाच सहलीत दोन-तीन ठिकाणं आहेत, आणि सोबत अशी वडीलधारी माणसं आहेत ज्यांना विमानं बदलत मोठ्या विमानतळांवर तासन्‌तास काढणं झेपत नाही. तीनातली एकच गोष्ट असेल तर नागपूरचं तिकीट काढा आणि उरलेल्या पैशात हॉटेल चांगलं घ्या.

पायरी १: तुमच्या गावाजवळ विमान खरंच उतरू शकतं का?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी ३२०० मीटर आहे. तिथं कुठलंही चार्टर विमान रात्री-बेरात्री, पावसात उतरू शकतं, इंधन भरू शकतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १८५० मीटर. तिथून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईसाठी एटीआर, म्हणजे पंख्याचं मोठं प्रवासी विमान, सुरू झालं, म्हणजे लहान चार्टर विमानाला लांबीची अडचण सहसा येऊ नये. गोंदियाच्या बिरसीला धावपट्टी चांगली आहे, पण प्रवासी सेवा येत-जात राहिली आहे. २०२२ मध्ये इंदूर-हैदराबाद सेवा सुरू झाली, काही महिन्यांत थांबली, मग डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपती सुरू झाली. त्यामुळे बिरसीचं वेळापत्रक ज्या आठवड्यात निघायचं त्याच आठवड्यातलं पाहावं. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी सुमारे १४०० मीटर, आणि तिच्या विस्ताराची चर्चा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. यवतमाळला धावपट्टी आहे, चंद्रपूरजवळ मोरव्याला लहान पट्टी आहे. पण पट्टी असणं आणि तिथून सहलीला निघता येणं यात बराच फरक आहे.

तो फरक असा. लहान पट्टीवर विमानाचं इंधन मिळत नाही. मग विमानाला परतीचं इंधन पोटात घेऊनच यावं लागतं. इंधनाचं वजन वाढलं की माणसं आणि सामान कमी करावं लागतं, आणि आठ खुर्च्यांच्या विमानात तुम्हाला पाचच माणसं बसवता येतात. दुसरं म्हणजे, उतरायला लागणारं अंतर आणि धावपट्टीची लांबी बरोबरीत चालत नाही. भाड्याच्या उड्डाणाला नियमाप्रमाणे बरीच पट्टी शिल्लक ठेवावी लागते. तिसरं, जिथं रात्री उतरण्याचे दिवे नाहीत आणि विमानाला यंत्रावरून खाली आणणारी व्यवस्था नाही, तिथं सगळं काम दिवसाउजेडी आणि नजरेच्या भरवशावर चालतं. डिसेंबरचं धुकं किंवा जुलैची झड असली की विमान थेट नागपूरला वळतं आणि तुम्ही यवतमाळच्या पट्टीवर बॅगा घेऊन उभे. शिवाय पट्टी ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिची लेखी परवानगी, अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांना कळवणं हे सगळं आलंच. कंपनी ते करून देते, पण बिलात लावते. कुंपण धड नसलेल्या पट्टीवर कुत्री, गुरं आणि रोही हटवायला माणसं उभी करावी लागतात, तो भाग वेगळाच.

आता ऊन. विदर्भाबाहेरचा एजंट हे तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला ते सुचतच नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि त्याच विमानाला उडायला जास्त लांब पट्टी लागते. डिसेंबरात अकोल्याहून सहज उडणारं विमान मे महिन्याच्या दुपारी तेवढीच माणसं घेऊन उडेलच असं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान पट्टीवरून निघायचं असेल तर सकाळी सातच्या आतली वेळ मागा. नागपूरहून निघणार असाल तर ही काळजी बरीच कमी.

म्हणून माझा सल्ला, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोलीच्या लोकांनी नागपूरच धरावं. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने वाशीम आणि बुलढाण्याकडच्यांनाही नागपूर पूर्वीइतकं लांब राहिलं नाही, पण मेहकर-चिखलीच्या माणसाने छत्रपती संभाजीनगर आणि सिरोंचाच्या माणसाने हैदराबादही तपासून पाहावं. जिल्ह्याची हद्द विमानाला लागू नाही.

पायरी २: दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा

कागदावर दोन रकाने काढा. पहिल्यात नेहमीचं विमान: घरून नागपूर, दोन तास आधी हजेरी, उड्डाण, विमान बदलायचं असेल तर मधला थांबा, पट्ट्यावर बॅग येण्याची वाट, तिथून हॉटेल. दुसऱ्यात चार्टर: घरून नागपूर, पाऊण तास आधी हजेरी, उड्डाण, बॅग हातात, तिथून हॉटेल.

हे मांडलं की एक गंमत दिसते. लोक सगळ्याच चार्टर विमानांना जेट म्हणतात, पण परवडण्यासारखं जे असतं ते बहुतेक वेळा किंग एअरसारखं पंख्याचं विमान असतं. ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालतं. प्रवासी कंपनीचं मोठं जेट ताशी आठशेच्या पुढे. नागपूर-गोवा हे हवाई अंतर सुमारे ८०० किलोमीटर. म्हणजे थेट विमान असलं तर हवेत तेच आधी पोचतं! तुमची बचत होते ती फक्त जमिनीवर, आणि ती तास-दीड तासाची. मुंबईमार्गे विमान बदलून जायचं असेल तर मात्र चार-पाच तास वाचतात, आणि तिथून पुढे हिशेबाला खरी सुरुवात होते.

पायरी ३: विमान कोणतं

भारतात भाड्याने मिळणाऱ्या विमानांचे ढोबळ चार गट धरा.

पंख्याचं विमान: किंग एअर सी-९० मध्ये पाच-सहा माणसं, बी-२०० मध्ये सात-आठ, पिलाटस पीसी-१२ मध्येही साधारण तेवढीच. ताशी भाडं साधारण एक ते दीड लाख. लहान जेट: सेसना सायटेशन सीजे-२ सारखं, सहा माणसं, ताशी साधारण दोन ते अडीच लाख. मध्यम जेट: हॉकर ८०० किंवा सायटेशन एक्सएलएस, आठ माणसं, अडीच ते साडेतीन लाख. मोठं जेट, म्हणजे फाल्कन २००० किंवा लेगसी ६००, चार लाखांच्या पुढे. हे दर कंपनी, हंगाम आणि इंधनाप्रमाणे हलतात. निवडणुकीच्या काळात तर विचारूच नका, तेव्हा सगळी विमानं नेत्यांकडे असतात आणि उरलेल्यांचे भाव कापसासारखे पडत नाहीत, चढतात.

विमान निवडताना वडीलधाऱ्यांसाठी तीन गोष्टी विचारा, ज्या माहितीपत्रकात ठळक छापलेल्या नसतात. एक, आतली उंची. किंग एअर आणि लहान जेटमध्ये ती पावणेपाच फुटांच्या आसपास असते, म्हणजे वाकूनच चालावं लागतं. कंबरदुखीच्या माणसासाठी हॉकर किंवा एक्सएलएस बरं, तिथं ती पावणेसहा फुटांजवळ जाते. दोन, शौचालय. किंग एअरमध्ये सोय असलीच तर ती पडद्याआडची, अवघडल्यासारखी असते. दीड तासाच्या प्रवासाला चालते, अडीच तासांच्या प्रवासात मधुमेहाच्या माणसाची पंचाईत होते. तीन, पायऱ्या. दारालाच जोडलेल्या अरुंद, चढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. मोठ्या विमानतळावर व्हीलचेअरसकट थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा पूल किंवा लिफ्टची गाडी असते, इथं नसते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजीसाठी चार्टर अधिक सोयीचं असेलच असं नाही. आजीला आधी विचारा.

आणि वजन. कंपनी प्रत्येकाचं वजन विचारते, कारण लहान विमानात समतोल त्यावरच बेतलेला असतो. आपल्याकडे वजन विचारलं की प्रत्येक जण पाच किलो कमी सांगतो. इथं तसं करू नका, काट्यावर उभे राहून सांगा. सामान प्रत्येकी दहा-पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांच्या कडक मोठ्या बॅगा मागच्या कप्प्यात बसत नाहीत. नेहमीच्या विमानात बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलो सामान आणि ७ किलो हातातली पिशवी मिळते. म्हणजे चार्टरमध्ये सामान जास्त नेता येतं ही समजूत लहान विमानांना लागू नाही.

पायरी ४: खरा खर्च

इथं थांबून सावकाश वाचा, कारण "ताशी सव्वा लाख" हा आकडा ऐकून बरेच जण मनात दोन तासांचे अडीच लाख धरतात आणि सात जणांत वाटून खूश होतात.

विमान नागपुरात उभं नसतं. त्याचा तळ बहुधा मुंबई, दिल्ली, हैदराबाद असा कुठंतरी असतो. ते तिथून रिकामं येतं, तुम्हाला सोडतं आणि रिकामं परत जातं. लग्नाला नागपूरची ट्रॅव्हल्स गावी बोलावली की तिच्या रिकाम्या फेरीचं डिझेल आपल्याच माथी बसतं, तसंच हे. या रिकाम्या चकरेला इंग्रजीत फेरी (ferry) किंवा पोझिशनिंग म्हणतात आणि ताशी दर तोच लागतो.

उदाहरण घेऊ. दारव्ह्याचं सात माणसांचं कुटुंब, चार दिवस गोवा, विमान किंग एअर बी-२००, तळ मुंबई, दर ताशी १ लाख ३० हजार धरू.

मुंबई-नागपूर रिकामं: १ तास ४० मिनिटं. नागपूर-गोवा: १ तास ५० मिनिटं. गोवा-मुंबई रिकामं: १ तास. परतीच्या दिवशी मुंबई-गोवा रिकामं: १ तास. गोवा-नागपूर: १ तास ५० मिनिटं. नागपूर-मुंबई रिकामं: १ तास ४० मिनिटं. एकूण ९ तास, म्हणजे ११ लाख ७० हजार. उतरण्याचे, उभं करण्याचे, विमानतळावरच्या मदतीचे आणि पायलटांच्या मुक्कामाचे मिळून सव्वा लाख धरा. झाले १२ लाख ९५ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे २ लाख ३३ हजार. बेरीज सुमारे १५ लाख २८ हजार. माणशी २ लाख १८ हजार.

तेच कुटुंब नेहमीच्या विमानाने गेलं, येण्या-जाण्याचं तिकीट माणशी १६ हजार धरलं, तर १ लाख १२ हजार. दारव्हा-नागपूर गाडी आणि आदल्या रात्रीचा नागपूरचा मुक्काम मिळून दीड लाखाच्या आत सगळं बसतं. नागपूरपर्यंतची गाडी तर चार्टरलाही लागणारच. म्हणजे थेट विमान मिळत असेल तर पावणेचौदा लाख रुपये जास्त देऊन तुम्ही प्रत्येक बाजूचा तासभर विकत घेतला. ज्याला हे पटतं त्याने जरूर करावं, पण आकडा माहीत असावा.

विमान गोव्यातच चार दिवस उभं ठेवलं तर रिकाम्या फेऱ्या वाचतील, असं वाटतं. वाचत नाहीत. बहुतेक कंपन्या मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला किमान दोन तासांचं भाडं लावतात, विमान हललं नाही तरी. गोवा-मुंबईच्या रिकाम्या फेऱ्यांचे दोन तास वजा करून मधल्या दोन दिवसांचे चार तास धरले तर वरच्या हिशेबात ९ ऐवजी ११ तास होतात. त्यामुळे एक-दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर विमान परत पाठवणं स्वस्त पडतं का, हे दोन्ही बाजूंनी मांडून घ्या.

या किमान तासांवरच सगळ्यात जास्त घासाघीस करता येते. दुसरं उदाहरण पाहा. आठ ज्येष्ठ मंडळी, नागपूरहून तिरुपती, तिथून मदुराई, मदुराईहून मोटारीने रामेश्वर आणि परत. पाच दिवस, विमान हैदराबादचं. प्रत्यक्ष उड्डाण: हैदराबाद-नागपूर १ तास, नागपूर-तिरुपती १ तास ५० मिनिटं, तिरुपती-मदुराई १ तास ५ मिनिटं, मदुराई-नागपूर २ तास ४० मिनिटं, नागपूर-हैदराबाद १ तास. मिळून ७ तास ३५ मिनिटं. कंपनीने रोजचे किमान दोन तास वेगवेगळे मोजले तर बिल साडेबारा तासांचं येतं, कारण दर्शनाचे दोन दिवस विमान उभंच आहे आणि तिसऱ्या दिवशी तासभरच उडालं. त्याऐवजी "पाच दिवसांत मिळून किमान दहा तास" असं ठरवून घेतलं, तर बिल दहा तासांचं. अडीच तासांचा फरक, वरच्याच ताशी दराने जीएसटी धरून सुमारे ३ लाख ८० हजार. एका ओळीचा करार, पण तो आधी करावा लागतो.

ही सहल तरीही सतरा लाखांच्या पुढे जाते. पण इथं तुलना वेगळी आहे. नेहमीच्या विमानाने हैदराबादमार्गे तिरुपती, तिथून मदुराईला दिवसभराची मोटार किंवा पुन्हा विमान बदलून, मग मदुराईहून चेन्नई किंवा बंगळूरमार्गे नागपूर. पंचाहत्तरीच्या आठ जणांना घेऊन हे करणं म्हणजे सोबतच्या तरुणाची कसोटीच. अशा वेळी चार्टरला मी हसणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की तिरुमलाच्या रांगेला तुमच्या विमानाचं काही नाही. तीनशे रुपयांच्या दर्शनाची वेळ ऑनलाइन आधी काढा, मग विमानाची तारीख ठरवा.

करांचं एक सांगायचं राहिलं. साध्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे. बिझनेस आणि प्रीमियम तिकिटांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. चार्टरच्या कोटेशनमध्ये "कर वेगळे" असं बारीक अक्षरात असेल तर पहिल्या दिवशीच १८ टक्के मिळवून बघा.

पायरी ५: रिकाम्या फेरीची संधी

वर ज्या रिकाम्या फेऱ्यांचे तुम्ही पैसे भरता, तशाच दुसऱ्या कुणी भरलेल्या फेऱ्या कंपन्या कमी दरात विकतात. त्याला एम्प्टी लेग म्हणतात. नागपुरात अशा संधी मुंबई-दिल्लीइतक्या मिळत नाहीत, पण दोन हंगाम लक्षात ठेवण्यासारखे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची विमानं, आणि ताडोबाच्या सफारीला थेट नागपुरात उतरणाऱ्या पाहुण्यांची विमानं. पाहुण्यांना सोडून विमान मुंबईला रिकामं जातं, तुम्हाला मुंबईच हवी असेल तर जुळू शकतं.

अट एकच. मूळ ग्राहकाने बेत बदलला की तुमची फेरी गेली. म्हणून एम्प्टी लेग जाण्यासाठी घ्या, परतीसाठी कधीच नको, आणि ज्या दिवशी पुढचं जहाज किंवा परदेशाचं विमान पकडायचं आहे त्या दिवशी तर नकोच. आई-बाबांना एकदा चार्टरमध्ये बसवायचंच आहे, एवढाच हेतू असेल तर हा सगळ्यात शहाणा रस्ता: जाताना एम्प्टी लेग, येताना साधं तिकीट.

पायरी ६: कंपनी खरी की खोटी

पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो. खासगी वापरासाठी नोंदलेलं एखाद्या उद्योगपतीचं विमान "ओळखीने स्वस्तात" मिळवून देतो, असं कुणी म्हटलं तर नमस्कार करून बाहेर पडा. ते बेकायदा आहे आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते.

कोटेशन आलं की त्यात चार गोष्टी लेखी हव्यात: परवानाधारक कंपनीचं नाव, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारा त्याचा नोंदणी क्रमांक आणि पायलट दोन असतील हे. तुमच्याशी बोलणारा बहुधा दलाल असतो, कंपनी वेगळीच. दलालात वाईट काही नाही, पण करार कुणाशी होतोय ते कळलं पाहिजे. डीजीसीएच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची आणि त्यांच्या विमानांची यादी असते, त्यात नाव आणि क्रमांक जुळवून पाहा. "किंवा तत्सम विमान" असे शब्द असतील तर त्यापुढे लिहून घ्या की बदललेलं विमान कमी खुर्च्यांचं किंवा एका इंजिनाचं नसेल.

पैसे रोख देऊ नका. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारताच येत नाही. "अर्धे रोखीने द्या, जीएसटी वाचवू" असं सांगणारा माणूस तुमची परतीची फेरीही तशीच वाचवेल. बँकेतून कंपनीच्या खात्यात, दलालाच्या वैयक्तिक खात्यात नाही.

पायरी ७: करारातली कलमं

रद्द केल्यास किती कापणार, हे दिवसांच्या हिशेबात लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत बहुधा सगळेच पैसे जातात. हवामानामुळे विमान दुसरीकडे उतरलं तर तो जास्तीचा वेळ कुणाच्या माथी? सहसा तुमच्या. विमान बिघडलं तर दुसरं किती तासांत, की नुसता परतावा? विमानतळाच्या नेहमीच्या वेळेबाहेर तो उघडा ठेवण्याचं शुल्क कुणाचं? या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. फोनवर "होऊन जाईल साहेब" असं ऐकलं की ते होत नाही, असं धरून चाला.

पायलटांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. तुमची मंडळी दर्शनाला चार तास जास्त अडकली तर पायलट नियमाने उडू शकत नाहीत, आणि मग एक मुक्काम वाढतो. ही त्यांची अरेरावी नाही. त्यांना घाई करायला लावू नका, हवामान वाईट असताना "थोडं बघा न" असंही म्हणू नका. पैसे तुम्ही भरले असले तरी उडायचं की नाही हे पायलटच ठरवतो.

प्रवास विम्याची कागदपत्रंही वाचा. काही पॉलिसी फक्त वेळापत्रकावर चालणाऱ्या विमानांनाच संरक्षण देतात.

नेहमीचं विमान घेतलंत तर ते सुखाचं कसं करायचं

बहुतेक वाचक शेवटी इथंच येतील, म्हणून थोडक्यात. सकाळचं पहिलं विमान असेल तर रात्रीचा रस्ता धरू नका, नागपुरात मुक्काम करा. नऊपेक्षा जास्त माणसं असतील तर एका तिकिटात सहसा बसत नाहीत, विमान कंपनीच्या ग्रुप बुकिंगला विचारा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, किमान दोन दिवस आधी. गोव्याला मोपाच्या विमानतळावर उतरायचं की दाबोळीच्या, हे हॉटेल कुठं आहे त्यावर ठरवा: उत्तर गोव्याला मोपा, दक्षिणेला दाबोळी. हा नियम चार्टरलाही लागू, शिवाय दाबोळी नौदलाचा तळ असल्याने तिथल्या वेळांवर बंधनं असतात.

उड्डाणाचा दिवस आणि त्यानंतरचं बिल

चार्टर असलं तरी ओळखपत्र लागतंच, आणि कंपनीला दिलेल्या यादीतलं नाव त्याच्याशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. यादीत "बाळूभाऊ" आणि आधारवर "बालकृष्ण" असेल तर दारातच अडकाल. सुरक्षा तपासणी होते. मुंबई-दिल्लीला चार्टरवाल्यांसाठी वेगळी इमारत आहे. जिथं ती नाही तिथं सगळ्यांसोबतच तपासणी, फक्त पुढे वेगळी गाडी विमानापर्यंत नेते. जेवण सांगितलं असेल तर त्याचे दर आधी विचारा, विमानतळावरच्या पोह्यांची किंमत ऐकून भूक मरते. घरचे डबे चालतात का ते विचारून घरचेच न्या.

परत आल्यावर अंतिम बिलात उड्डाणाचे तास नेमके कुठून कुठवर मोजले ते पाहा. रीत अशी की विमान जागेवरून हललं तिथून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरतात, म्हणून तो हवेतल्या वेळेपेक्षा प्रत्येक फेरीला दहा-पंधरा मिनिटांनी जास्त भरतो. निघताना आणि पोचल्यावर घड्याळ बघून वेळ टिपून ठेवा, रिकाम्या फेऱ्यांच्या वेळांचा तपशील कंपनीकडून मागून घ्या, आणि शेवटचा हप्ता जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल हातात पडल्यावरच द्या.